झिनियाचा लाल शेरा

आमच्या पुरिस्काल गावात तुम्ही कुणालाही जेवायला बोलवा, तो "हो, नक्की येतो" म्हणेल. तो येणार नाही हे त्यालाही ठाऊक असतं आणि तुम्हालाही, त्यामुळे त्याच्या वाटचं ताट कुणी मांडत नाही. यात फसवाफसवी काही नाही. तोंडावर 'नाही' म्हणणं आमच्याकडे पाहुण्याच्या अंगावर कॉफी ओतण्याइतकं वाईट दिसतं. आम्ही दारातल्या कुत्र्यालासुद्धा 'अहो, जरा बाजूला व्हा' म्हणतो. अशा गावात झिनिया किरोस वर्षानुवर्षं सगळ्यांना सरळ 'नाही' म्हणत राहिली आणि तरी तिला कुणी वाळीत टाकलं नाही. माझ्या मते यात तिच्यापेक्षा गावाचं कौतुक जास्त आहे.

तिला ही सवय लागली ती कामामुळे. गावाबाहेर डोंगरावर आल्तो केमादो म्हणून तीन वस्त्या आहेत. तिथल्या पाणी समितीत ती अकरा वर्षं पाणी सोडायची. टाकी एक आणि वस्त्या तीन. मार्चमध्ये झरा आटायला लागला की प्रत्येक वस्तीला दोन तास पाणी. खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकून झिनिया एका व्हॉल्व्हवरून दुसऱ्यावर जायची आणि वाटेत तिला लोक गाठायचे.

"झिनिया, माझे राणी, फक्त पंधरा मिनिटं. पोरीचा पंधरावा वाढदिवस आहे, घरात साठ माणसं आहेत."

"नाही."

"अहो, डुक्कर कापलंय. कढई चढवलीये. चिचार्रोन खायला तुम्हीही या ना!"

"येते. पण पाणी नाही."

एकदा तर पाद्रीबाबांनी बाप्तिस्म्यासाठी अर्धा तास मागितला. ती म्हणाली, "बाळ एकच आहे ना, फादर? मग तांब्याभर पुरेल." पाद्रीबाबा हसले, पण दोन रविवार तिच्याकडे बघायचं टाळत होते. झिनियाला त्याचं काही वाटलं नाही. एकाला दिलेली पंधरा मिनिटं दुसऱ्या कुणाच्या तरी हंड्यातून जातात, आणि तो दुसरा नेहमी वरच्या वस्तीतला असतो, हे तिने रोज डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

अडतिसाव्या वर्षी ती चरात पडली आणि गुडघा गेला. समितीने निरोप समारंभ केला, भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि सगळे म्हणाले, "पुन्हा नक्की या." ती गेली नाही. तिने गावातल्या सरकारी वर्गात नाव घातलं आणि एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांमध्ये बसून दीड वर्ष प्रोग्राम तपासायचं शिकली. तिथूनच तिला फाब्रिसिओ सोलानोने उचललं. फाब्रिसिओ चौतिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला, बोलायला मधाळ. औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्याची कंपनी, झिनिया धरून सहा माणसं. ते पाणी समित्यांसाठी प्रोग्राम लिहायचे: माणसाने चावी फिरवायच्या ऐवजी विजेचे व्हॉल्व्ह आपोआप उघडावे आणि मिटावे. "आमच्यात खरा व्हॉल्व्ह हातात धरलेलं कुणीच नाही," फाब्रिसिओ तिला म्हणाला होता. आता तो हे वाक्य आठवून दातओठ खात असेल.

त्या काळी सगळा कोड ऑफिसच्या एका सामायिक डिस्कवर असायचा. मुख्य प्रोग्रामर ग्रेइविन बादिया, सत्तावीस वर्षांचा, गाईसारखा गरीब. तो आणि त्याच्या शेजारचा मुलगा एकाच फायलीपाशी यायचे. "तुम्ही करा ना आधी." "छे छे, तुम्हीच करा." "नाही हो, मला घाई नाही." एवढं सौजन्य झालं की दोघेही गुपचूप तीच फाईल उघडायचे आणि ज्याने शेवटी साठवली त्याचं काम टिकायचं, दुसऱ्याचं पुसलं जायचं. फेब्रुवारीत असा ग्रेइविनच्या कामाचा अख्खा आठवडा वाहून गेला. ज्याने वाहवला त्याला तो म्हणाला, "काही हरकत नाही," आणि जिन्यात जाऊन रडला.

तेव्हा फाब्रिसिओने सगळ्यांना कोड ठेवायच्या एका वेबसाइटवर नेलं. मोठ्या देशांतले सगळे तिथेच काम ठेवतात, असं त्याने सांगितलं. तिथली रीत साधी होती. मुख्य प्रत एकच. ज्याला काही बदलायचंय त्याने आपली वेगळी फांदी काढायची, तिच्यावर काम करायचं आणि मग विनंती टाकायची की हे मुख्य प्रतीत घ्या. ती विनंती दुसऱ्या कुणीतरी वाचायची. पसंत पडली तर हिरवं बटण, 'मंजूर'. खटकली तर लाल, 'बदल हवा'. फाब्रिसिओने नियम घातला की एका तरी माणसाची मंजुरी हवी, आणि कुणाचा लाल शेरा असेल तर तो निघेपर्यंत काहीही आत जाणार नाही. आपण घातलेल्या नियमावर तो स्वतःच इतका खूश झाला की त्या दिवशी सगळ्यांना केक आला.

झिनियाने खातं उघडलं. फोटोत ती चावी खांद्यावर घेऊन उभी होती. पहिलं काम म्हणून तिला प्रोग्रामची ओळख करून देणारी फाईल लिहायला दिली, नवा माणूस जी सगळ्यात आधी वाचतो ती. तिने दोन दिवस खपून ती लिहिली, फांदी काढली, विनंती टाकली. चार सेकंदांत ग्रेइविनचं हिरवं आलं, सोबत एक लाल बदाम.

"वाचलंत?" तिने विचारलं.

"हो तर! फार सुंदर लिहिलंय."

"काय सुंदर लिहिलंय?"

ग्रेइविनचे कान तापले. "म्हणजे... एकंदरीत."

"तिसऱ्या ओळीत मी एक शून्य जास्त टाकलंय. टाकी बारा मीटरच्या जागी एकशेवीस मीटर उंच झालीये. चर्चची घंटासुद्धा एवढ्या उंचीवर नाही हो!"

झिनियाने मग मागच्या विनंत्या उघडून बघितल्या. तीन आठवड्यांत एकसष्ट विनंत्या, एकसष्ट मंजुऱ्या, त्यातल्या बहुतेक दहा सेकंदांच्या आत. खाली शेरे: "देव तुमचं भलं करो", "किती कष्ट घेतलेत!", "आईला नमस्कार सांगा". बाकीच्या पाचही जणांनी जगातली सगळ्यात कडक रीत आणली होती आणि तिला आपल्या बैठकीच्या खोलीत सोफ्यावर बसवून कॉफी पाजली होती. कुणी वाचतच नव्हतं. वाचलं तर काहीतरी खटकणार, खटकलं तर बोलावं लागणार, आणि बोलायचं कुणी?

दुसऱ्याच दिवशी तिने ग्रेइविनच्या विनंतीवर लाल शेरा ठेवला. कारण बारीकसं होतं, तारीख चुकीच्या क्रमाने लिहिली होती. तीन वाजताच्या कॉफीला ग्रेइविन उठला नाही. संध्याकाळी त्याच्या बायकोचा झिनियाला फोन आला.

"झिनियाबाई, आमच्या ग्रेइविनचं काही चुकलं का हो?"

"हो. तारीख चुकली."

"तसं नव्हे. म्हणजे तुम्ही रागावलात का त्याच्यावर? तो जेवला नाही."

"त्याला जेवायला घाला. तारीख उद्या दुरुस्त होईल."

झाली दुरुस्त. पण त्या दिवसापासून सगळे आपली विनंती टाकताना वाचणारा म्हणून दुसऱ्या कुणाचं नाव देऊ लागले. झिनियाचं नाव कुणी देईना. तोंडावर सगळे गोड, कॉफीत साखर किती ते विचारणारे. तिला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. घरी तिने अर्धी भाकर परत ठेवली. पण विनंत्या उघड्या असायच्या, कुणीही वाचू शकायचं, आणि तिला वाचण्यापासून कोण थांबवणार होतं? नाव नसलं तरी ती प्रत्येक ओळ वाचायची.

मार्चच्या दुसऱ्या बुधवारी फाब्रिसिओने स्वतःची विनंती टाकली. शनिवारी नगरपालिकेच्या सभागृहात बावीस पाणी समित्यांसमोर प्रोग्राम दाखवायचा होता, आणि सोमवारपासून आल्तो केमादोत तो खराखुरा चालू व्हायचा होता. विनंतीत पाळीचा भाग होता: एका वस्तीची पाळी संपली की तिचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद, पुढच्या वस्तीचा उघडा. ग्रेइविनची मंजुरी नेहमीप्रमाणे आली.

झिनियाने ती विनंती दोनदा वाचली आणि खुर्चीत ताठ बसली. वरच्या वस्तीचा पाइप उभ्या चढाने जातो. तो पूर्ण बंद केला की चढावरच्या पहिल्या घरांच्या नळांतून त्यातलं पाणी निथळून जातं आणि पाइपात हवा भरते. पुन्हा उघडल्यावर ती हवा ढकलत पाणी शेवटच्या घरापर्यंत चढायला पावणेदोन तास लागतात. पाळी दोन तासांची. म्हणजे कागदावर दोन तास पाणी आणि नळाला नुसता खोकला. म्हणून तर अकरा वर्षं तिने तो व्हॉल्व्ह कधी पूर्ण मिटला नव्हता. दोन आटे उघडा ठेवायची, म्हणजे पाइप भरलेला राहायचा. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. तिच्या मनगटात होतं, आणि कुणी विचारलं नव्हतं म्हणून कुठे लिहिलंही नव्हतं.

तिने हे सगळं विनंतीखाली लिहिलं, वरच्या वस्तीतल्या एक्केचाळीस घरांचा आकडा घातला आणि लाल शेरा ठेवला.

फाब्रिसिओ तिच्या टेबलाशी आला. "झिनियाबाई, केवढा बारीक अभ्यास! हे आपण पुढच्या वेळी नक्की घेऊ."

"पुढच्या वेळी म्हणजे कधी?"

"लवकरच."

"सोमवारी वरच्या वस्तीच्या शेवटच्या घराला पंधरा मिनिटंच पाणी मिळेल. लवकर म्हणजे सोमवारच्या आत का?"

"तुम्ही फक्त आता मंजूर करा, मग आपण बसून..."

"नाही."

गुरुवारी तो तिच्यासाठी तिच्या आवडीच्या एम्पानादा, अननस भरलेल्या करंज्या, घेऊन आला. तिने त्या खाल्ल्या, आभार मानले आणि शेरा तसाच ठेवला. दुपारी त्याने बटणं धुंडाळली. मालकाला दुसऱ्याचा लाल शेरा बाजूला सारता येतो, पण वेबसाइट आधी एक चौकोन पुढे करते: कारण लिहा. आणि तुम्ही लिहिलेलं तुमच्या नावानिशी कायमचं तिथे राहतं. फाब्रिसिओ त्या चौकोनासमोर पाऊण तास बसला होता. 'तिचं म्हणणं चूक आहे' असं लिहावं तर ते खोटं होतं. 'मला वेळ नाही' लिहावं तर आपली शोभा. शेवटी त्याची बोटं जन्मभराच्या सवयीने चालली. त्याने लिहिलं: "शेरा देणाऱ्या रजेवर आहेत."

सहाही जणांच्या मेलची टिंग एकदम वाजली. झिनिया त्याच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसली होती.

तिच्या अंगाची लाही लाही झाली. अकरा वर्षांत लोकांनी तिला शिव्या दिल्या होत्या, चावी लपवून ठेवली होती, एकाने कुत्रं सोडलं होतं; पण ती समोर असताना ती नाहीच असं कुणी म्हटलं नव्हतं. तिने टाइप केलं: "मी रजेवर नाही. मी तुमच्या डाव्या हाताला बसले आहे." आणि पुन्हा लाल शेरा ठेवला. पुन्हा सहा टिंग.

"झिनियाबाई, असं सगळ्यांदेखत..." फाब्रिसिओ उठला. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. "ग्रेइविन, तुम्ही तरी सांगा त्यांना. तुम्ही तर वाचून मंजूर केलंय."

ग्रेइविनने ती विनंती उघडून खालपर्यंत वाचली. मग म्हणाला, "मी वाचलं नव्हतं."

"काय?"

"मी कधीच वाचत नाही. तुमचं तर नाहीच. तुम्ही मालक आहात. आता वाचलं. माझी मावशी राहते वरच्या वस्तीत."

आणि त्याने आपलं हिरवं काढून लाल ठेवलं. पहिल्यांदा बटण चुकलं, दुसऱ्यांदा बरोबर लागलं.

शुक्रवारी दुपारी फाब्रिसिओ झिनियाला खालच्या खाणावळीत घेऊन गेला. दोन कॉफ्या आणि चीज लावलेली मक्याची भाकरी मागवली.

"तुम्ही फार थकलेल्या दिसता," तो म्हणाला.

"नाही. चांगली झोपले."

"थोडी विश्रांती घ्यावी असं नाही वाटत? काही दिवस?"

"किती दिवस?"

"जितके लागतील तितके. घाई काहीच नाही."

झिनियाने कप खाली ठेवला. "तुम्ही मला काढताय का?"

"अरे देवा! छे! काय बोलताय?"

"मग सोमवारी आठला येते."

"म्हणजे... बघू या, हो ना?"

"बघायचं काय त्यात? सोमवारी येऊ नका, असं म्हणा. मी आत्ता वर जाऊन टेबल रिकामं करते. भांडणार नाही, रडणार नाही. पण तुमच्या तोंडून ऐकू दे. 'नाही' एवढा एक शब्द मी अकरा वर्षं उन्हात फिरून रोज म्हणत होते, फाब्रिसिओ. तुम्ही सावलीत बसून एकदा म्हणा."

फाब्रिसिओने भाकरीचा तुकडा मोडला, ठेवला, पुन्हा उचलला. झिनिया त्याच्याकडे रोखून बघत होती. तिला त्याची कीवही आली, पण तिने मदत केली नाही.

"तुमची भाकरी गार होतेय," तो शेवटी म्हणाला.

"आठला," ती म्हणाली आणि भाकरी संपवली.

शनिवारी बावीस समित्यांसमोर फाब्रिसिओने पाळीचा भाग दाखवला नाही. "यावर आमच्या एक तज्ज्ञ काम करत आहेत," असं म्हणाला. तज्ज्ञ म्हणजे कोण हे त्याने सांगितलं नाही, पण म्हणाला खरा. सोमवारी पावणेआठला झिनिया खुर्चीत होती. तिचं खातं चालू होतं, ते बंद करायलाही कारण लिहावं लागलं असतं. आल्तो केमादोत त्या आठवड्यात जुन्या पद्धतीने माणूसच चावी घेऊन फिरला.

ग्रेइविनने नवी विनंती टाकली: वरच्या वस्तीचा व्हॉल्व्ह दोन आट्यांच्या खाली कधीच मिटायचा नाही. वाचणारी म्हणून पहिलं नाव झिनियाचं. तिने सकाळभर वाचली आणि काहीच केलं नाही. दुपारी तो खुर्ची ओढून जवळ आला.

"काय चुकलंय?"

"काही नाही. बरोबर दिसतंय."

"मग हिरवं?"

"दिसतंय म्हटलं मी. असेलच असं नाही."

गुरुवारी त्यांनी फांदीवरचा तो प्रोग्राम आल्तो केमादोच्या व्हॉल्व्हना जोडला, आणि झिनिया ग्रेइविनच्या मोटरसायकलवरून चढाच्या अगदी टोकाला गेली, शेवटच्या घरी. तिथे एर्मिदा नावाची सत्तरीची बाई एकटी राहते. फाब्रिसिओही मागोमाग गाडी घेऊन आला, बूट धुळीने माखून दारात उभा राहिला. दहा वाजता पाळी सुरू झाली. एर्मिदाबाईंनी नळ उघडून खाली पिंप लावलं होतं, आणि "या बसा, कशाला उन्हात उभे राहता, गुळाचं पाणी करते" असं चाललं होतं.

एक मिनिट. दोन मिनिटं. नळ कोरडाच. फाब्रिसिओ घड्याळाकडे बघत नव्हता, पण त्याचं मनगट सारखं वळत होतं. ग्रेइविनने डोळे मिटले होते.

चौथ्या मिनिटाला नळ गुरगुरला, तांबूस पाणी थुंकला आणि मग धार लागली. ग्रेइविन ओरडलाच. फाब्रिसिओने श्वास सोडला आणि म्हणाला, "आता तरी करा मंजूर, झिनियाबाई."

"पिंपाचा तळ दिसतोय अजून."

तिने धारेखाली हात धरला. पाणी नितळ होईपर्यंत धरून ठेवला, मग ओल्या बोटांनीच फोन काढला आणि हिरवं बटण दाबलं. पुरिस्कालात वाचून दिलेली ती पहिलीच मंजुरी असावी. फाब्रिसिओ काहीतरी छान बोलायला तोंड उघडत होता, तेवढ्यात एर्मिदाबाई एप्रनला हात पुसत पुढे आल्या आणि नळाची तोटी फिरवू लागल्या.

"पुरे हो, देव तुमचं भलं करो. अर्धं पिंप पुष्कळ झालं मला. खालच्या लोकांनाही लागतंच ना."

झिनियाने त्यांचा हात तोटीवरून उचलून बाजूला केला.

"खालच्यांना त्यांचं मिळालंय," ती म्हणाली. "उघडा ठेवा. तुमचे अजून एक तास बावन्न मिनिटं आहेत."